बँड मनगटाला, डास घोट्याला: अंगावर घालायची डासरोधक साधनं कुठे अडतात आणि काय करायचं

नव्या कोऱ्या बँडचा वास खोलीभर घमघमतोय, तरी पोटऱ्यांवर गांधी उठतातच. उन्हाळा लागला की ही तक्रार सुरू होते आणि तिच्याबरोबर ठरलेल्या शंकाही येतात: बँड बनावट निघाला का, सेल उतरला का, डासांना या वासाची सवय झाली का? बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. साधन आपल्या कुवतीप्रमाणे काम करत असतं. ती कुवत किती तोकडी आहे, एवढंच खोक्यावर छापलेलं नसतं.

म्हणून साधन उघडून बसण्याआधी चावे बघा. दोन दिवस तीन गोष्टी टिपून ठेवा. अंगावर नेमकं कुठे चावलं, साधारण किती वाजता चावलं, आणि तेव्हा तुम्ही एका जागी बसला होतात की हिंडत होतात. पुढची निम्मी उत्तरं या टिपणातूनच निघतात.

हाताला चावत नाहीत, घोट्याला चावतात

सर्वांत जास्त आढळणारं दुखणं हेच. बाजारातले बहुतेक बँड सिलिकॉनचे किंवा जाड कापडाचे असतात आणि त्यांत सिट्रोनेला, गवती चहा, निलगिरी, जिरॅनिऑल अशा तेलांपैकी काहीतरी मुरवलेलं असतं. तेल उडतं आणि त्याची वाफ बँडच्या आजूबाजूला थोडी दाट राहते. त्यापलीकडे हवेत ती इतकी विरळ होते की आपल्या नाकाला वास येतो, पण डासाला अडवण्याइतकी ताकद तिच्यात उरत नाही. आपल्याला वास आला म्हणजे संरक्षण मिळालं, हा या धंद्यातला सर्वांत मोठा गैरसमज.

डासाची मादी माणसापर्यंत पोहोचते ती श्वासातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर. जवळ आल्यावर घामातलं लॅक्टिक आम्ल, अंगाची ऊब आणि ओलावा यांवरून ती बसायची जागा निवडते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा पांढऱ्या ठिपक्यांचा एडिस डास जमिनीलगत फिरतो आणि घोटे, पोटऱ्या, पावलं यांवर त्याचा विशेष डोळा असतो. मनगटातल्या बँडने घोटा राखावा ही अपेक्षा म्हणजे देवघरातल्या उदबत्तीने गोठ्यातला वास घालवण्यासारखी आहे.

2002 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत हा फरक स्वच्छ दिसतो. 23.8% डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं औषध त्वचेवर लावलं तेव्हा साधारण 5 तास एकही डास चावला नाही. डीटच 9.5% प्रमाणात मनगटाच्या बँडमध्ये भरून दिलं तेव्हा पहिला चावा अर्ध्या मिनिटाच्या आत पडला. प्रमाण कमी होतं हे खरं, पण 5 तासांवरून काही सेकंदांवर येणं केवळ प्रमाणामुळे होत नाही. औषध होतं मनगटाभोवती आणि डास बसले बाकीच्या उघड्या हातावर. सिट्रोनेलाचे बँडही त्या चाचणीत तसेच नापास झाले. पुढे 2017 मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीत 11 उत्पादनं एडिस डासांसमोर तपासली गेली. अंगावर घालायच्या साधनांपैकी ठळक परिणाम दिसला तो फक्त मेटोफ्लुथ्रिन भरलेल्या, छोट्या पंख्याच्या क्लिपचा. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

मग हातात बँड आहेच तर काय करायचं? तो मनगटावरून काढा आणि पायात घाला. एक बँड एकाच घोट्याचं बघेल, म्हणून दोन लागतात. मोज्यावरून घाला, उघड्या कातडीवर नको. याने पावलाच्या आसपासचे चावे थोडे कमी होऊ शकतात, गुडघ्यापर्यंत मजल जात नाही. उघड्या कातडीला क्रीम किंवा स्प्रेच लागतो, आणि तिथेही बरेच जण चुकतात.

आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळणाऱ्या डासरोधक क्रीममध्ये साधारण 12% डायइथाइल बेंझामाइड असतं. ते नीट लावलं तर काम करतं, पण ठिपके देऊन सोडलं तर नाही. दोन्ही पाय गुडघ्यापासून बोटांपर्यंत घ्या. क्रीम तळहातावर पसरवून सलग पातळ थर द्या. हमखास सुटणाऱ्या जागा म्हणजे टाचेच्या वरची मागची शीर, चपलेच्या पट्ट्यांमधली कातडी, गुडघ्याची मागची खोबण आणि मानेचा मागचा भाग. रुपयाएवढी जागा कोरडी राहिली तरी डास ती शोधून काढतो, आणि मग सगळं खापर क्रीमवर फुटतं. सनस्क्रीन लावत असाल तर आधी सनस्क्रीन, 15-20 मिनिटांनी ते मुरलं की वरून डासांचं क्रीम. उलट केलं तर डासांचं औषध खाली दाबलं जातं. घामाने निथळल्यावर वेष्टनावर लिहिलेली मुदत धरून बसू नका, पाय पुसून पुन्हा लावा. कपड्यांखाली झाकलेल्या कातडीला लावायची गरज नसते.

परदेशातून कुणी डीटचा स्प्रे आणला असेल तर एक काळजी घ्या. डीट काही प्लास्टिकं विरघळवतं. घड्याळाची काच, चष्म्याची फ्रेम, फोनचं कव्हर यांवर पांढुरके चिकट डाग पडतात, रेयॉन आणि स्पँडेक्स खराब होतं. सुती कापडाला काही होत नाही. पिकारिडिन हे दुसरं डासरोधक रसायन असलेल्या औषधांना हा त्रास नाही.

पहिल्या दिवशी बरं होतं, दुसऱ्या दिवसापासून शून्य

सुगंधी तेलं उडून जातात म्हणूनच वास येतो. जितकं ऊन तितकं तेल लवकर उडणार. एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर पडलेला बँड संध्याकाळी घातला, तर अंगावर नुसतं सिलिकॉन चढवल्यासारखं आहे. खोक्यावरचे 'इतके तास', 'इतके दिवस' हे आकडे मनावर घेऊ नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2015 मध्ये पुदिन्याचं तेल भरलेल्या बँडच्या विक्रेत्यावर दावा लावला होता, कारण जाहिरातीत अंगाभोवती 5 फुटांचं कवच आणि 120 तासांचं संरक्षण असा छातीठोक दावा होता आणि त्याला पुरावा नव्हता.

पाकीट फोडलं त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख घाला. वापरून झालं की बँड पुन्हा त्याच झिपच्या पाकिटात ठेवा, हवा दाबून काढा, पाकीट सावलीत ठेवा. पाकीट हरवलं असेल तर साधी पॉलिथिनची पिशवी चालत नाही, तेलाची वाफ तिच्यातून झिरपते. झाकण घट्ट बसणारी काचेची बाटली बरी.

बँडवर पुन्हा तेल टाकून तो 'रिचार्ज' करण्याची टूम आहे. त्यात फारसा अर्थ नाही. 2002 च्या त्याच चाचणीत सिट्रोनेलाची औषधं थेट त्वचेवर लावूनही 20 मिनिटांच्या वर टिकली नव्हती. शिवाय निव्वळ तेल घामेजल्या मनगटावर बसलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते.

क्लिपचा पंखा फिरतोय, तरी चावतात

हे साधन खरं काम करणारं आहे, म्हणून त्यातला बिघाड शोधण्यात वेळ घालवणं परवडतं. आत एक छोटी चकती किंवा जाळी असते, तिच्यात मेटोफ्लुथ्रिन मुरवलेलं असतं. सुमितोमो केमिकल या जपानी कंपनीने काढलेलं हे पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक गरम न करता, साध्या हवेतच उडतं, म्हणून त्याला कॉइलसारखी आग किंवा मशीनसारखा प्लग लागत नाही. सेलवरचा पंखा ती वाफ बाहेर ढकलतो आणि तुमच्याभोवती एक ढग तयार होतो. जपानमध्ये याच तत्त्वावरचं मनगटी साधनही मिळतं. सगळी गोम त्या ढगात आहे. तो जमायला वेळ लागतो आणि मोडायला लागत नाही.

पहिला प्रश्न, तुम्ही चालत होतात का? संध्याकाळच्या फेरफटक्याला क्लिप लावून निघालात तर ढग मागेच राहतो आणि तुम्ही पुढे. हे साधन बसून राहणाऱ्यासाठी आहे. गच्चीवर गप्पा, अंगणात अभ्यास, पारावरची बैठक, टपरीवरचा चहा. चालू करून काही मिनिटं जागेवर थांबा, मग हिशेब करा. जागा बदललीत तर पुन्हा तेवढाच वेळ द्या.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. डोक्यावर छताचा पंखा पाचवर, बाजूला कूलर, आणि कमरेला क्लिप, अशा मांडणीत क्लिप फुकट जाते. यात एक गंमत आहे. डास मुळात दुबळा उडणारा, पंख्याच्या झोतात त्याला धड उतरता येत नाही. त्यामुळे टेबलफॅन आहे तर तोच खाली करून पायांवर सोडा आणि क्लिप बंद ठेवा. दोन्ही एकत्र चालवून दोन्हींचा फायदा मिळत नाही. गच्चीवर मंद झुळूक असेल तर उदबत्ती लावून धूर कुठे झुकतो ते पाहा. वारा जिकडून येतो त्या बाजूला क्लिप ठेवा म्हणजे वाफ तुमच्या अंगावरून जाईल. वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला ठेवलीत तर तुम्ही शेजाऱ्यांची सोय केलीत.

तिसरी गोष्ट, क्लिप कुठे अडकवली आहे. शर्टाच्या खिशाला लावण्याचा मोह होतो, पण पाय तिथून लांब. कमरपट्टा बरा, बसल्यावर खुर्चीचा पाय त्याहून बरा. वाफ बाहेर पडण्याच्या फटी कपड्याकडे वळलेल्या नकोत. ओढणी, पदर, जॅकेटची कड त्यावर आली की पंखा घरघरत राहतो आणि बाहेर काहीच येत नाही.

इतकं सगळं बरोबर असेल तर मग यंत्र तपासा. टिश्यू पेपरची बोटभर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी फाडा आणि फटीपुढे सोडून धरा. पट्टी सारखी फडफडली पाहिजे. नुसती हलल्यासारखी वाटली तर पंखा मंद आहे. बहुतेक क्लिपांत दोन बारीक पेन्सिल सेल असतात, नवे असताना मिळून 3 व्होल्ट देतात. मोटर फिरत असते म्हणून सेल चांगले आहेत असं आपण धरतो, पण उतरलेल्या सेलवरही मोटर फिरते, फक्त हवा ढकलत नाही. रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे असल्याने पंखा सुरुवातीपासूनच थोडा हळू चालतो, हे लक्षात ठेवा. एक जुना एक नवा अशी जोडी लावू नका, जुना सेल गळतो.

सेल बदलूनही फरक नाही तर सेलच्या खोबणीतल्या स्प्रिंगा पाहा. अल्कलाइन सेल गळला असेल तर तिथे पांढरी भुकटी दिसेल. कानकाडी व्हिनेगरमध्ये किंचित ओली करून ती पुसा, मग कोरड्या काडीने, आणि तासभर उघडं सुकू द्या. भुकटी बोटाने खरवडू नका, ती दाहक असते. हिरवट गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरचा एक हात पुरे. त्यानंतर पाती. रिफिल काढून ठेवा, पंख्याच्या आसात केस किंवा धागा गुंडाळला आहे का पाहा आणि चिमट्याने ओढून काढा. सायीसारखी धूळ पात्यांवर बसली असेल तर कोरडा रंगाचा ब्रश फिरवा. पाणी किंवा तेल घालू नका.

शेवटी रिफिल, आणि खरा दोषी बहुतेक तोच असतो. या जातीच्या क्लिपचं एक रिफिल साधारण 12 तास चालतं. पण पाकीट फोडल्यावर पंखा बंद असतानाही औषध उडत राहतं, त्यामुळे फोडल्यापासून सुमारे 14 दिवसांत ते संपलं असं धरायचं, मग वापर चार तासांचा झालेला असो की बाराचा. चकतीकडे पाहून भरलेली की रिकामी ते कळत नाही, वासही जवळपास नसतो. क्लिपच्या पाठीला कागदी टेप चिकटवा, त्यावर फोडल्याची तारीख लिहा आणि दर बैठकीचे तास रेघांनी मोजत जा. एक रेघ, एक तास. बारा रेघा झाल्या की चकती बदला.

रिफिल संपलं की भिंतीतल्या मशीनचं लिक्विड त्या चकतीवर ओतणारेही आहेत. हे करू नका. ते द्रावण गरम होणाऱ्या वातीसाठी बनवलेलं असतं. थंड चकतीवरून ते पुरेसं उडत नाही, त्यातलं रॉकेलसारखं द्रावक प्लास्टिक मऊ करतं आणि कपड्यातून झिरपून कातडीला लागतं.

मेटोफ्लुथ्रिन हे कीटकनाशक आहे, अत्तर नव्हे. क्लिप मोकळ्या हवेत वापरा, बंद खोलीत किंवा मच्छरदाणीच्या आत नको. चकती हाताळल्यावर साबणाने हात धुवा. पोरांच्या गळ्यात अडकवू नका, ती तोंडात घालतात. घरात माशांची टाकी असेल तर तिच्याजवळ अजिबात नको, पायरेथ्रॉइडं माशांना फार विषारी. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात गप्पी मासे सोडले असतील तर त्यांनाही तोच नियम. मांजरांनाही ही औषधं सोसत नाहीत.

अल्ट्रासॉनिक घड्याळ, पेंडंट, मोबाइल ॲप

याची दुरुस्ती नाही, कारण बिघाड नाही. सेल नवा घाला, आवाज वाढवा, दोन घाला, काही होणार नाही. जाहिरातीतलं तर्कशास्त्र असं की नर डासाचा किंवा वटवाघळाचा आवाज ऐकून मादी पळते. 2007 साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने अशा इलेक्ट्रॉनिक साधनांच्या 10 मैदानी चाचण्यांचा आढावा घेतला. चावे कमी झाल्याचं एकाही चाचणीत दिसलं नाही. भारतात 2017 मध्ये एलजीने के7आय नावाचा फोन आणला होता, पाठीच्या कव्हरमधून 30 किलोहर्ट्झचा आवाज काढून डास हाकलणारा. पुढे या कल्पनेचं काय झालं हे आजच्या कुठल्याही फोनकडे पाहून समजतं.

परत करता येत असेल तर परत करा. नसेल तर निदान त्यातला बटण सेल काढून टाका. लहान मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. अशा वेळी घरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

गळ्यात अडकवायचा पंखाही आता डासांवर उपाय म्हणून विकला जातो. तो उकाड्यावर ठीक आहे. त्याचा झोत गालांवर जातो आणि डास पायाशी बसलेला असतो.

संध्याकाळी सगळं करतो, तरी चावे दिसतात

आता टिपणातली वेळ काढा. संध्याकाळनंतर आणि रात्रभर चावणारा बहुधा क्युलेक्स, गटारं, नाले आणि साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा. पुण्यात मुळा-मुठेवर जलपर्णी माजली की काठच्या सोसायट्यांत फेब्रुवारी-मार्चपासून जो हैदोस सुरू होतो तो याचाच. शहरी मलेरियाचा ॲनोफिलिस स्टीफन्सायही अंधारातच निघतो. मुंबईत आणि गोव्यात बांधकामांवरचं साचलेलं पाणी आणि उघड्या टाक्या ही त्याची घरं. एडिस मात्र दिवसाचा. सकाळी उजाडल्यावरचे दोन-तीन तास आणि मावळतीआधीचे दोन-तीन तास तो जोरात असतो. ज्या घरात दिवेलागणीला क्रीम निघतं, तिथे डेंग्यूचा डास साडेसातच्या शाळेच्या रांगेत मुलांच्या पायाला आधीच चावून गेलेला असतो. मुलांना क्रीम सकाळी युनिफॉर्म घालतानाच लावा, मोज्याच्या वर आणि हाफपँटच्या खाली जेवढं उघडं राहतं तेवढ्याला. त्यांच्या तळहातांना लावू नका, हात तोंडात जातात.

युनिफॉर्मवर चिकटवायचे स्टिकर आणि कपड्यांना ठिपके द्यायचे रोल-ऑन, दोन्ही सुगंधी तेलांवर चालतात. रोल-ऑन वापरायचंच तर कॉलरऐवजी पायांकडे द्या, पँटच्या तळकडेला आणि मोज्यांना. रेशमाला लावू नका, डाग बसतो.

दोन महिन्यांखालच्या बाळाला यातलं काहीही नाही. पाळण्याला जाळी, बस. लिंबू-वासाच्या निलगिरीपासून मिळणाऱ्या पीएमडी या रसायनाची औषधं तीन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. बँड तर तान्ह्याच्या मनगटात अजिबात नको, तो थेट हिरड्यांखाली जातो.

डोक्यावर पुंजका घोंघावतो, पण चावत कुणीच नाही, अशीही तक्रार येते. मावळतीला डोक्यावर खांबासारखा उभा राहणारा थवा बहुधा नर डासांचा किंवा न चावणाऱ्या चिलटांचा असतो, नदीकाठी तर हमखास. त्यांना रक्त लागत नाही. साधनाला दोष देऊ नका, चार पावलं बाजूला व्हा.

आणि चावणारा डासच आहे ना, हेही एकदा बघून घ्या. रात्री पांघरुणाखाली रांगेत उठलेल्या गांधी ढेकणाच्या असू शकतात, त्यावर बँड काय करणार? मातीच्या भिंतींच्या घरांत, गोठ्याजवळ, आवाज न करता चावणारी दोन-तीन मिलिमीटरची वाळूमाशी असते, ती साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत येते. तिला हलकं घेऊ नका. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात 1965 मध्ये सापडलेला आणि त्या गावाचंच नाव मिळालेला विषाणू तीच पसरवते.

बँडखाली लाल चट्टा

घाम, घट्ट सिलिकॉन आणि सुगंधी तेल असं त्रिकूट जमलं की पुरळ येतंच. जिरॅनिऑल आणि लिमोनिन यांची काहींना ॲलर्जी असते. बँड काढा, जागा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, कोरडी राहू द्या. चट्टा गेला तरी त्याच तेलाचा दुसऱ्या कंपनीचा बँड घेऊ नका, पुन्हा तेच होईल.

काम करणारे कपडे

अंगावर घालायची वस्तूच हवी असेल तर यंत्रापेक्षा कापडावर भरवसा ठेवा. सैल, लांब बाह्यांचा सुती कुर्ता आणि सैल पायजमा. घट्ट लेगिंगमधून आणि पातळ मोज्यांतून डास आरामात सोंड घालतो, सैल कापडात त्याला कातडी सापडत नाही. रंगाचाही फरक पडतो. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या 2022 च्या अभ्यासात श्वासाचा वास मिळालेले एडिस डास लाल, नारिंगी आणि काळ्या रंगाकडे झेपावत होते, पांढरा, हिरवा, निळा, जांभळा यांकडे दुर्लक्ष करत होते.

अमेरिकेत राहणाऱ्यांना 0.5% पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा कपड्यांवर मारायचा स्प्रे दुकानात मिळतो. ट्रेकचे बूट, मोजे, पँटचे पाय यांवर मोकळ्या हवेत मारा, पूर्ण वाळवा, मगच घाला. घरी मारलेलं औषध साधारण सहा धुण्यांपर्यंत टिकतं. त्वचेवर मारायचं नाही. ओला असेपर्यंत मांजर जवळ नको, तिच्या जिवावर बेतू शकतं.

पाचच फुटांवर कारखाना

विदर्भात आणि मराठवाड्यात सगळी साधनं बरोबर वापरूनही चावे थांबत नसतील तर कूलर उघडा. उन्हाळ्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि टाकीत रोज वरून पाणी ओतत राहिलं तरी खालचं पाणी जागचं हलत नाही. ठरलेल्या वारी कोरडा दिवस पाळा. टाकी पूर्ण रिकामी करा आणि कडा काथ्याच्या ब्रशने घासा. हे घासणं टाळू नका, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी बदललं तर नव्या पाण्यात तीच फुटतात. टाकी उन्हात सुकवा, मग भरा. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्याही उन्हात टाका. फ्रिजच्या मागचा ट्रे, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं आणि कुंड्यांखालच्या ताटल्या त्याच दिवशी उरका.

पुढच्या वेळी विकत घेताना

वेष्टन उलटवा. औषधाचं नाव आणि टक्केवारी छापलेली आहे का ते पाहा. मेटोफ्लुथ्रिनसारखं कीटकनाशक असेल तर कीटकनाशक कायदा, 1968 खालचा नोंदणी क्रमांक हवा. 'हर्बल', '100% नैसर्गिक' याने काहीच कळत नाही. क्लिप घेत असाल तर तिची रिफिलं आपल्या गावात वेगळी मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारा, नाहीतर बारा तासांनी हातात नुसता पंखा उरतो. रिफिलच्या पाकिटाची उत्पादन तारीख बघा, आणि सील दाबून हवा निघत नाही याची खात्री करा. फुगलेलं किंवा टाचणीएवढं भोक पडलेलं पाकीट असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा.